कॉम्प्युटरला लावलेलं कुंकू

हे मी आजवर कुणाजवळ काढलेलं नाही. दादाजवळ नाही, बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही काही आमच्या घरी येणार नाही — आणि आलात तरी वहिनींसमोर हा विषय काढणार नाही.

गोष्ट तशी किरकोळ. निदान स्वतःला मी बरीच वर्षं तसंच समजावत आलो. सोलापुरात आमच्या गल्लीत कॉम्प्युटरमधलं कळणारा म्हणजे मी, अशी ख्याती होती. ती मला आवडायची. सुटे भाग आणून मी घरीच एक कॉम्प्युटर जोडला, तो वहिनींसाठी. वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, चादरींची डिझाईनं काढायच्या. आधी चौकटीच्या कागदावर, मग या कॉम्प्युटरवर. एका कारखान्यानं त्यांना पहिल्यांदाच स्वतःचं असं काम दिलं होतं, मोराची चादर. त्यांचा हात फार चांगला होता, हे मला तेव्हाही दिसत होतं.

जोडताना मी मेमरीच्या दोन पट्ट्या बसवल्या. एक नवी. दुसरी माझ्या जुन्या मशीनमधली — तिथंही ती अधूनमधून दगा द्यायची. मला हे ठाऊक होतं का? होतं. चालून जाईल म्हटलं. वहिनी कामात असताना स्क्रीन मध्येच निळा पडायचा, तेव्हा मी व्होल्टेजचं कारण पुढं करायचो.

मग खंडेनवमी आली. ज्या वस्तूवर घर चालतं तिची त्या दिवशी पूजा. वहिनींनी शिलाई मशीन, विळी, दादाची मोटारसायकल, सगळ्याला हळद-कुंकू लावलं. कॉम्प्युटरचं झाकण मी धूळ झटकायला काढून ठेवलं होतं. त्यांनी आतल्या पत्र्यालाही कुंकवाचं बोट लावलं, झेंडूचं एक फूल ठेवलं. दुसऱ्या दिवशी मशीन बंद पडलं. परत चालू झालं, पण मोराची फाईल काही उघडेना. एकच प्रत होती.

सगळे माझ्याकडं बघत होते. आणि मी — मी कुंकवाकडं बोट दाखवलं. आत गेलंय, म्हणालो. दादा वहिनींना चार माणसांत बोलायचा नाही, तो त्या दिवशी बोलला.

"भावजी, माज्यामुळंच झालं की ओ हे," वहिनी म्हणाल्या. मी नाही म्हणालो नाही.

इथपर्यंत अंदाज चुकला असं तरी म्हणता आलं असतं. पण त्याच दुपारी घरात कुणी नसताना मी मेमरी तपासायचा प्रोग्राम लावला. लाल ओळी यायला लागल्या. एकेक पट्टी वेगळी काढून बघितली. नवी एकटी ठेवली, तपासणी स्वच्छ. जुनी या खाचेत घाला, त्या खाचेत घाला — लालच. कुंकू तिच्या आसपासही नव्हतं. मी बाजारातून दुसरी पट्टी आणून बसवली आणि संध्याकाळी सांगितलं, साफ केलं, आता चालतंय. खरं सांगायला असा किती वेळ लागला असता? सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मी ते घेतलं.

वहिनींनी कारखान्याचं काम परत केलं. त्या कॉम्प्युटरसमोर पुन्हा बसल्या नाहीत. आता ब्लाऊज शिवतात. मोर कुठल्याच चादरीवर उतरला नाही, आणि कॉम्प्युटर मात्र अजून बिनतक्रार चालतो.

मी घाबरलो होतो असंही नाही. मला फक्त चुकलेला दिसायचं नव्हतं.

यंदाही खंडेनवमीला वहिनी पूजेचं ताट घेऊन घरभर फिरल्या. कॉम्प्युटरच्या खोलीशी आल्या आणि दारातच थांबल्या. ताट माझ्या हातात दिलं.

"त्याला तुमीच लावा, भावजी. माजा हात नको."

मी लावलं. त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच हात जोडले.