ठिपके पडलेल्या चौदा काचा

एका काचेवर पाच ठिकाणी मोजलं. आकडे आले ४१०, ३९००, ८८०, ९२०० आणि ५६०. पाचही जवळपास सारखे यायला हवे होते. शीतलने ते वहीत उतरवले. सतरा काचांपैकी बिघडलेली ही चौदावी.

मी लातूरच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये टेक्निकल असिस्टंट आहे. शीतल अहमदपूरहून एसटीने ये-जा करून पीएचडी करते. काचेवर असा थर चढवायचा की आरपार दिसलं पाहिजे आणि वीजही वाहिली पाहिजे, हे तिचं काम. मोबाईलच्या स्क्रीनमध्ये असाच थर असतो. ती त्यासाठी मॅक्सीन नावाचा वीज वाहून नेणारा पदार्थ वापरते. त्याचे काही अणूंइतके जाड पापुद्रे सुटे करून पाण्यात ठेवतात. ते पाणी काचेवर टाकून काच गरगर फिरवली की पापुद्रे सारखे पसरतात. वीज किती अडते ते मीटर ओहममध्ये दाखवतो. आकडा कमी तितका थर चांगला.

नांदेडला विद्यापीठात थिसिस द्यायला नऊ दिवस होते. मुदत दोनदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा वाढत नाही.

गाईड सरांनी वही पाहिली. "तीन चांगल्या आल्यात ना? तेवढ्याच लाव."

"आणि चौदा सर?"

"त्या कोण विचारतंय?"

"किती बनवल्या, हे विचारतील की."

"मग बस मोजत," म्हणून सर लेक्चरला गेले.

आम्ही तारखा लावल्या. चांगल्या तिन्ही सोमवारच्या, बिघडलेल्या मंगळवारपासूनच्या. मशीनचा वेग तोच, मॅक्सीनची बाटली तीच. राहिलं ते पातळ करायचं डिस्टिल्ड वॉटर. घरच्या आरओसाठी घेतलेला टीडीएस मीटर मी दुसऱ्या दिवशी आणला. तो पाण्यातले क्षार मोजतो. डिस्टिल्ड वॉटरला शून्य किंवा एक यायला हवं. आलं ५८२.

लॅब अटेंडंट माधवमामांना विचारलं, "या कॅनमध्ये पाणी कुणी भरलं?"

"म्याच की. सोमवारी सांजच्याला नळ आलता, आठ दिसांनी. रिकामं दिसलं ते समदं भरलं."

"मामा, त्यावर डिस्टिल्ड लिहिलंय."

"हाव, लिवलंय. पर तळाला गेलतं. रिकामा कॅन समोर ठिवून नळ बंद करू व्हय सर?"

त्या संध्याकाळी माझ्या घरी प्रेशर कुकरसुद्धा भरून ठेवला होता.

क्षारांमुळे पापुद्रे एकमेकांना चिकटून गोळे होतात. काचेवर ठिपके पडतात आणि मधे विजेला वाट उरत नाही. नवं पाणी आणून शीतलने दहा काचा केल्या. नऊ ४०० ते ४५० मध्ये आल्या. एक १३०० आली, तीही तिने लिहिली. थिसिसमध्ये सगळ्या सत्तावीस आहेत, चौदा बिघडल्याच्या कारणासकट. गाईड सरांनी फक्त 'टॅप वॉटर' खोडून 'आयोनिक कंटॅमिनेशन' केलं आणि सही केली. मुदतीच्या एक दिवस आधी ती नांदेडला देऊन आली.

कॅनवर 'भरू नये' असा कागद लावू, असं तिने सुचवलं होतं. मी नको म्हणालो. लातुरात असा कागद कुणी मानणार नाही. आता कॅन निम्म्यावर आला की मीच डिस्टिल्ड वॉटरने काठोकाठ भरतो. मामांना रिकामं दिसता कामा नये, एवढंच बघायचं.