एक माणूस कमी

आमचे हे म्हणजे सासऱ्याला रस्त्यात विसरून आलेले जावई. हे मी सांगायला नकोच, आमच्या फुटबॉल क्लबचा कुठलाही चाहता सांगेल, आणि वर पोट धरून हसेल.

यांचा जन्म स्टिअरिंगमागे गेला. आधी मालाचे ट्रक, मग चाहत्यांनी मिळून घेतलेली ही जुनी बस. बाहेरगावी सामना असला की हे चालवणार आणि मी मागे उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या, बस्स!" करणार. बोलायच्या नावानं शून्य. माझ्यापेक्षा इंजिनाशी जास्त बोलले असतील.

एकदा आम्ही जिंकून परत येत होतो. गाडीत नुसता धिंगाणा. वाटेत पेट्रोल पंपावर थांबलो, तिथे माझे बाबा उतरले, कानानं अधू, हातात थर्मास. यांना वाटलं बाबा माझ्याजवळ बसलेत, मला वाटलं मागे दोस्तांत. झालं! घराशी पोचल्यावर मी म्हटलं, "अहो, बाबा कुठायत?" यांचा चेहरा पांढराफटक.

हे गाडी वळवतायत तोच खेळाडूंची बस आमच्या दारात येऊन थांबली. आधी उतरले मास्तर. मास्तर म्हणजे क्लबचे मॅनेजर, पण खेळाडूंना असे धारेवर धरायचे की सगळे मास्तरच म्हणायचे. त्यांच्यामागून बाबा, अंगात गोलकीपरचं जाकीट, मोठ्या ऐटीत. मी रडतेय आणि बाबा म्हणतात कसे, "अगं, एवढ्यात कशाला आलं घर?"

मास्तरांनी यांना बाजूला घेतलं. ओरडले नाहीत. "माणसं मोजल्याशिवाय गाडी हलवायची नाही. हरलो तरी नाही, जिंकलो तर मुळीच नाही."

पुढे क्लबनं मास्तरांना नारळ दिला. का, ते मालकांना विचारा, मी तोंड उघडलं तर भलतंच बाहेर पडेल. पुढच्याच सामन्याला बघते तर मास्तर आमच्या बसच्या रांगेत उभे! "जागा आहे का?" म्हणाले. दाराजवळची घडीची सीट माझी होती, ती त्यांनी पटकावली, आणि मोजायचं कामही स्वतःकडे घेतलं. एकेकाच्या डोक्याला हात लावत मागपर्यंत जायचे. बाबांशी पोचले की "सासरेबुवा हजर!" अशी आरोळी. मग पुढे येऊन यांच्या खांद्यावर थाप, "आहेत सगळे. सोड गाडी."

बाबा वारले, त्यानंतरच्या सामन्याला मास्तर त्यांच्या सीटपाशी थांबले. रिकाम्या पाठीला हात लावला. पुढे येऊन हळूच म्हणाले, "एक कमी आहे. सोड गाडी." मी खिडकीकडे तोंड करून ढसाढसा रडले, आणि खरं सांगते, तेव्हाच बाबा गेल्याचं मला पटलं.

आता मास्तरच गेले. फोन आला तेव्हा हे बसखाली झोपून काहीतरी आवळत होते, पाय तेवढे बाहेर दिसत होते. मी वाकून सांगितलं. पान्ह्याचा आवाज थांबला. कितीतरी वेळ हे बाहेर आलेच नाहीत. मीही तिथेच जमिनीवर बसून राहिले, त्या पायांवर हात ठेवून.

मातीला त्यांच्या गावी जायचं होतं. बस भरली, पण घडीच्या सीटवर कोण बसणार? मी दांडा धरून उभी राहिले. ती सीट मिटलेली, खड्डा आला की खडखडायची. चाहत्यांतला आमचा खाटीक, एवढा धिप्पाड गडी, गळ्यातला क्लबचा मफलर तोंडात कोंबून रडत होता. मोजलं कुणीच नाही. जाताना कुणाला सुचलंच नाही.

सगळं उरकलं. माणसं मुकाट्यानं बसमध्ये येऊन बसली. यांनी इंजिन चालू केलं, आणि पुन्हा बंद केलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"एक माणूस राहिलाय."

"अहो, आलेत सगळे."

"मोजलेस?"

मला रागच आला. साठीचा माणूस, पोरासारखा हट्ट! "उठा, मी चालवते," असं म्हणणार होते, तेवढ्यात हे माझ्याकडे वळले. "मास्तरांना इथे टाकून जाऊ?" म्हणाले. "कसं जाऊ, सांग ना."

मी मागे गेले. एकेकाच्या डोक्याला हात लावत. कुणी मान वर केली नाही. खाटकानं माझा हात तसाच डोक्यावर धरून ठेवला, तो सोडवून पुढे यावं लागलं. मिटलेल्या सीटपाशी आले, तिच्या पाठीला हात लावला. यांच्या खांद्यावर थाप मारली.

"एक कमी आहे," मी म्हटलं. "सोडा गाडी."

यांनी बाहीनं डोळे पुसले, आरशात बघितलं. मग गिअर टाकला, आणि जाणूनबुजून, माणूस मागे ठेवून, गाडी सोडली.