जॅझच्या तबकड्या शोधत भोपाळला

अन्याय वसंतराव दामले यांच्यावर झाला. गेल्या गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास. भोपाळच्या आमच्या जुन्या कॉलनीतल्या मराठी वाचनालयाने सणाची साफसफाई काढली आणि काकांनी जन्मभर जमवलेल्या जॅझच्या तबकड्या रद्दीत घातल्या. विचारलं नाही, साधा फोनही केला नाही. मला हे पुण्यात कळलं. मी एक निषेधाचं पत्रक लिहिलं, त्याच्या पन्नास प्रती काढल्या आणि गाडीत बसले.

सकाळी भोपाळ स्टेशनवर उतरून रिक्षाने मिसरोदला, काकांकडे निघाले. रस्ता ओळखीचा वाटेना. डोक्यात मात्र वाचनालयाची मागची खोली लख्ख होती. दर रविवारी पाच वाजता कारखान्यातले टर्नर वसंतकाका तिथे प्लेअर लावायचे. सतरंजीवर बाबांसारखे बदलीवर आलेले आठ-दहा जण. तबकडी संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मी नऊ वर्षांची, मला कळत काही नव्हतं. पण ट्रम्पेट एका वळणावर यायचं आणि बाबांचा हात नकळत माझ्या खांद्यावर पडायचा. बाबा आता नाहीत. ते वळण अजून ऐकू येतं.

काका मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात. दार उघडताच म्हणाले, "आलीस? पत्रक आणलं असशील."

"आणलंय."

"आधी पोहे खा. क्रांती नंतर."

पोह्यांवर जीरावन (वरून भुरभुरायचा आंबट-तिखट मसाला) आणि सोबत जिलबी. कोपऱ्यात प्लेअर, पुसून चकचकीत. काका तिकडे बघत म्हणाले, "रविवार इथेच सुरू करावा म्हणतो. चार म्हातारे यायला तयार आहेत. वाजवायला काही नाही, एवढंच."

मी तशीच जवाहर चौकात गेले. वाचनालयाच्या चिटणीसांचं तिथे वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. पत्रक काउंटरवर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"अहो ताई, नाट्यसंगीत आम्ही एकूण एक जपून ठेवलंय! यांच्या कव्हरवर मराठी अक्षर नव्हतं. आम्हाला वाटलं, कुणीतरी बदली होऊन जाताना टाकून गेलं."

"तीस वर्षं दर रविवारी ऐकू येत होतं, तेव्हा काय वाटत होतं?"

"शेजारी बँडवाला राहतो असं वाटायचं," ते म्हणाले. थट्टा नव्हती. खरंच तसं वाटत असावं. रद्दीवाल्याकडून माल कुठे गेला ते मात्र त्यांनीच फोन करून शोधून दिलं.

माल गेला होता अशोका गार्डनला, रेल्वेलाइनजवळच्या एका गाळ्यात. आत पाऊल टाकलं आणि थांबले. भिंतभर तबकड्या, आणि प्रत्येकीवर तासकाटा, मिनिटकाटा. कॅफेंसाठी घड्याळं! मी इतकी भडकले की कारागिराने आधी मला स्टूल दिलं.

"खां (इथे कुणालाही लावायचं आपुलकीचं संबोधन), नाराज मत होइए. छेद तो पहले से था, हमने तो बस काँटे लगाए."

त्याने स्वतःच ढीग उपसला. काटे न लागलेल्या, धड अशा चार निघाल्या. "घर का माल है, ले जाइए," म्हणाला आणि वर नमकवाली चाय (किंचित मीठ घातलेला, दाट दुधाचा चहा) पाजली.

संध्याकाळी तलावाजवळच्या सभागृहात बाहेरगावच्या चौघांचा कार्यक्रम होता: सॅक्सोफोन, पियानो, बास, ड्रम. काकांना घेऊन गेले. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. मधेच सॅक्सोफोनवाल्याचा सूर फाटला. त्याने तोच फाटका सूर पुन्हा वाजवला, मग तिसऱ्यांदा, आणि त्यातून नवी चाल काढली. काकांनी गुडघ्यावर थाप मारली. "बघ, बघ! गडी पळाला नाही!" त्यांचे डोळे ओले झाले होते. माझेही.

मध्यंतरात मी म्हटलं, "काका, कार्यकारिणीवर मोर्चा नेऊ. सगळा खजिना घालवला."

ते हसले. "अगं, कमिटीने टाकल्या त्या उरलेल्या. चांगल्या तर तुम्हीच नेल्यात."

"आम्ही?"

"विसरलीस? दर रविवारी एकाने एक तबकडी घरी न्यायची, तीनदा ऐकायची, परत आणायची. बदलीची ऑर्डर आली की ती सामानात बांधली जायची. जोश्यांबरोबर रायपूरला गेली, कुलकर्ण्यांबरोबर नाशिकला. मागू कसा? माणसंच गेली होती, तबकडीचं काय."

"आमच्याकडे?"

"तुझ्या बाबांना आवडायची ती. ट्रम्पेटची."

दुसऱ्या अर्ध्यात मला वाजलेलं काही ऐकू आलं नाही. उरलेली पत्रकं पिशवीतच राहिली.

पुण्याला पोचल्यावर आधी माळ्यावर चढले. बाबांच्या ट्रंकेत, स्वेटरच्या घडीत ती होती. कव्हरच्या आत काकांच्या अक्षरात एक ओळ: "पुढच्या रविवारी आणणे." वीस वर्षं उशीर झालाय. मी ती स्वतः नेऊन देणार आहे.

आता तुम्ही. भोपाळहून बदली होऊन नागपूर, नाशिक, रायपूर, पुणे, जिथे कुठे गेला असाल तिथले. वसंतकाका ऐंशीचे आहेत आणि त्यांच्याकडे चार तबकड्या आहेत. त्यांचा रविवार आपण पळवला, मी धरून. माळ्यावर चढा. आज. सापडेल ती तबकडी परत करा.