दामूमामा एल्समध्ये

आमच्या चित्राचं लग्न डॉटपुढच्या तीन अक्षरांपायी जवळजवळ मामाविना लागणार होतं. ती तीन अक्षरं मी स्वतः, पूर्ण शुद्धीवर असताना, माझ्या हातानं बदलली होती.

मी वर्ध्याला एका कॉलेजात संगणक शिकवते. त्यामुळे आमच्या माहेरी, आंजीला, टीव्हीचा रिमोट बिघडो की विहिरीवरचा पंप बंद पडो, सगळे माझ्याकडेच बघतात. धाकट्या बहिणीचं, चित्राचं, लग्न ठरलं आणि मी जाहीर करून टाकलं, "पाहुन्यायसाठी मी वेबसाइट बनवते!"

"कायले वं?" आई म्हणाली. "पत्रिका छापून राह्यलो ना आपन?"

"पाहुन्यानं नाव टाकाचं, का लगेच त्याच्यासाठी खास आमंत्रन येते. कुठी उतराचं, कोन घ्याले येईन, सारं! तुहा भाऊ दरेक लग्नात रुसते ना, मले येगळं बोलावलं नाई म्हनून? आता पाहाच तू!"

हा भाऊ म्हणजे हिंगणीचे दामूमामा. आईचा एकुलता एक सख्खा भाऊ. आमच्याकडे मंगलाष्टकांच्या आधी भटजी पुकारतात, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या!" मग मामा नवरीचा हात धरून तिला मंडपात आणतात. मामा नाही तर नवरी खोलीतच! त्यातून चित्रा त्यांची भारी लाडकी. शाळेला सुट्टी लागली की त्यांच्या मोटरसायकलवर पुढे बसून ती हिंगणीला जायची, आणि परत यायचं नाव घ्यायची नाही.

तर मी कामाला लागले. प्रोग्रॅम सोपा होता. नाव हे असेल तर (याला संगणकाच्या भाषेत 'इफ' म्हणतात) हा मजकूर दाखव, ते असेल तर तो. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते, प्रोग्रॅममध्ये टिपा लिहा. दोन तिरप्या रेघा मारायच्या आणि पुढे काय वाट्टेल ते लिहायचं. संगणक ते वाचत नाही, ते माणसांसाठी असतं. मग मीही प्रत्येक पाहुण्यापुढे टीप लिहिली. अगदी मनापासून लिहिली!

वेबसाइट ठेवायला मी फुकटातला होस्ट शोधला. (होस्ट म्हणजे आपली वेबसाइट जिथं बिऱ्हाड करते तो घरमालक. फुकट राहायचं म्हटल्यावर त्याच्या अटी आल्याच.) माझी फाइल होती डॉट पीएचपी. घरमालक म्हणाला, "या प्रकारची फाइल चालणार नाही." मी डॉटपुढचं शेपूट बदलून डॉट सीजीआय केलं. चालणार नाही! डॉट पीएल केलं. चालणार नाही! त्याला हवी होती साधी पानं, फोटो आणि नुसता मजकूर. मीही काही कमी नाही. शेपूट कापून डॉट टीएक्सटी लावलं आणि फाइल सुर्रकन आत गेली. घरमालकाला कसं चकवलं म्हणून मी खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःलाच शाबासकी दिली.

आता, होस्ट हे शेपटावरूनच ठरवतो की फाइल चालवायची की आहे तशी उघडून दाखवायची. हे मी दरवर्षी पहिल्या सत्रातच शिकवते. (परीक्षेला पाच मार्कांना असतं.) पण लग्नघर होतं, घाई होती. मी घरच्या ग्रुपवर लिंक टाकली, "नाव लिहा, बटण दाबा, गंमत बघा!" आणि बांगड्या भरायला जाऊन बसले.

माझे दोन्ही हात कासारणीच्या ताब्यात, आणि पर्समध्ये फोन सारखा थरथरायला लागला. चित्रानं तो काढला आणि तिचा चेहराच बदलला.

"ताई, हे काय वं? 'कुसुममावशी: घोरते. हिच्या खोलीत कोणाला टाकू नये.'"

"कुठी लिवलं हाये ते?"

"तुह्या वेबसाइटवर! 'तळेगावचे नानाकाका: निघतो म्हणतात, निघत नाहीत. थांबा म्हणू नये.' बाप्पा!"

मी ताडकन उठायला गेले. कासारणीनं मनगट घट्ट दाबलं. "हालू नका बाई, बांगडी पिचते!"

"पुढं वाच," मी कशीबशी म्हणाले.

"'दामूमामा: आधी रुसतात, मग जेवतात. पहिल्या पंगतीत बसवणे.'"

एकाही पाहुण्याला आमंत्रण दिसलं नव्हतं. ज्यानं ज्यानं बटण दाबलं त्याच्यापुढे आख्खाच्या आख्खा प्रोग्रॅम टिपांसकट उघडा पडला होता. आणि मला काळजी कशाची होती, तर मराठी अक्षरं नीट दिसतील की नाही याची. एकूण एक काना-मात्रा स्वच्छ दिसत होती!

हात सुटल्याबरोबर मी फाइल काढून टाकली. उपयोग शून्य. तोवर तिचे फोटो साऱ्या जिल्ह्यात फिरले होते. पहिला फोन कुसुममावशीचा.

"पोरी, बाकीच्यायचं एकदम बराबर लिवलं तू. पन मले कधी घोरताना ऐकलं वं?"

मग नानाकाका. "बाकी सारं खरं हाये. माह्यंच तेवढं चुकलं." हे सांगून ते "बरं, ठेवतो" म्हणाले आणि त्यानंतर बराच वेळ बोलत राहिले.

दामूमामांचा फोन काही आला नाही. संध्याकाळी मामींचा आला. "हे लग्नाले येत नाई म्हनतेत. कोनाचं आयकून नाई राह्यले."

चित्रा नव्या बांगड्या घालून पलंगावर बसली होती. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मामा नाई आले तं मी खोलीतून निंगत नाई. दुसऱ्या कोनाचा हात मी धरनार नाई, सांगून ठेवते." मला तेव्हा इतकी लाज वाटली की आजही आठवलं तरी कान गरम होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आईनं आणि मी हिंगणी गाठली. मामा अंगणात बाजेवर बसले होते. डोळ्यांवर चष्मा, मांडीवर माझा प्रोग्रॅम. झेरॉक्सच्या दुकानातून कागदावर काढून आणला होता!

"मामा, चुकलं माह्यं," मी म्हणाले. "रुसता असं लिवाले नोको होतं."

"रुसतो तं रुसतो. ते खरंच हाये."

"मंग?"

त्यांनी कागदावर बोट आपटलं. "हे पाय. नानाले इफ. कुसुमले इफ. त्या मंडपवाल्यालेबी इफ! अन् मले काय? एल्स! गावातल्या कॉम्प्युटरवाल्याले विचारलं म्या, एल्स म्हंजे काय गा? तो म्हने, एल्स म्हंजे उरलेसुरले! सख्खा मामा उरलासुरला?"

आई माझ्याकडे बघायला लागली. खरी गोष्ट अशी होती, की मामा स्वतःचं नाव कधी दामू लिहितात, कधी दामोदर, कधी डी. के., तर कधी नुसतं 'हिंगणीवाले'. म्हणून त्यांना मी सगळ्यात शेवटी टाकलं होतं. तेच मी जरा शिक्षकी आवाजात सांगितलं.

"मामा, बाकीच्यायचं नाव बराबर पडलं तंच त्यायले मान. एक काना चुकला का गेला मान! तुमचं तसं नाई. तुमी काहीबी लिवा, मान तुमालेच. वरच्या यादीत जो नाई, तो मामा!"

मामांनी चष्मा काढला. "म्हंजे नाना आपलं नाव चुकला तं?"

"तरी मामाच!"

"मंडपवाला चुकला तं?"

"मामा!"

"असं हाये का?" मामा पहिल्यांदा हसले. "मंग हे ग्रुपवर टाक. आत्ताच. अन् चित्रीले सांग, मामा येऊन राह्यला."

मी तिथंच उभ्या उभ्या लिहिलं, 'यादीत ज्याचं नाव नाही, तो मामा. मान मामाचा.' मामींनी आतून चहा आणला. येताना सगळा रस्ता आई माझं कौतुक करत होती, आणि मीही ते करू देत होते.

लग्नाच्या दिवशी भटजींनी पुकारा केला, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या!" दामूमामा फेटा सावरत उठले. त्यांच्यामागे आईचे एक चुलतभाऊ उठले. त्यांच्यामागे एक मावसभाऊ. त्यांच्यामागे सफारी घातलेले एक गृहस्थ उठले. ते नवऱ्या मुलाकडचे होते आणि आमच्यापैकी कोणीही त्यांना ओळखत नव्हतं.

"तुमी कोन?" मी त्यांना गाठून विचारलं.

"मामा," ते म्हणाले. "ते तुमचं आलं होतं ना फिरत फिरत. यादी पाह्यली. माह्यं नाव नाई त्याच्यात."

दामूमामांनी चित्राचा हात धरला तो सोडला नाही. बाकीचे तिघं रांगेनं मागे. चित्रा हसून हसून वाकली होती, आणि पलीकडच्या खुर्च्यांवरून आणखी दोघं फेटे नीट करत उठत होते. भटजींनी माइकवरच विचारलं, "अजून किती मामा यायचे आहेत?" सगळा मंडप माझ्याकडे बघायला लागला. मी लिहिलेला प्रोग्रॅम जन्मात पहिल्यांदा जसाच्या तसा चालला होता, आणि तो थांबवायचा कसा, तेवढंच मला येत नव्हतं!