एकाच हनुवटीचे एकतीस अवतार

कवळीवाल्यांचा धंदा नावातच होता. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडांचे ठसे यायचे आणि जिन्याखालच्या खोलीत बसून ते त्यावरून कवळ्या घडवायचे. भुवयांवर प्लास्टरचा भुगा, नखांत मेण, आणि अंगातला सदरा कोणता नि पुसायचं फडकं कोणतं, हे त्यांनाही जवळून बघावं लागे. बायको दारातच म्हणायची, "काय हा अवतार!" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: "अवतार दुसऱ्या जगात आहे. हा नुसता कच्चा माल."

हे दुसरं जग त्यांना मुलीने दाखवलं. ती नोकरीसाठी दूर राहायची. व्हिडिओवर बोलताना कवळीवाल्यांना फोन नीट धरता येत नसे, त्यामुळे वर्षभर तिला बापाचं फक्त कपाळच दिसलं. शेवटी ती म्हणाली, "बाबा, संगणकावर एक जग आहे. तिथे आपण चालत चालत गप्पा मारू. स्वतःचा एक अवतार तेवढा बनवायचा."

त्यांनी बनवला. पहिल्याच रविवारी दुपारी मुलगी चौकात त्यांना शोधत आली, तेव्हा कवळीवाले कमरेपर्यंत जमिनीत रुतले होते आणि केस डोक्याऐवजी डाव्या कोपराला चिकटले होते. तेवढ्यातही ते मोठ्या झोकात हात हलवत होते, आणि हाताबरोबर केसही हलत होते. मुलगी जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, प्लीज, ओळख दाखवू नका."

माणूस हट्टी. चार महिने ते त्या जगाच्या खाचाखोचा शिकत बसले. पाय जमिनीवर आले, केस डोक्यावर आले; आणि आलेच आहेत तर म्हणून खांद्यापर्यंत आले. वर्षाच्या आत नवख्यांच्या चौकात त्यांच्या छातीवर 'मदतनीस' असा बिल्ला लागला.

नवखा माणूस लांबून कळायचा. रूप बदलायच्या सगळ्या पट्ट्या त्याने टोकापर्यंत सरकवलेल्या असायच्या. छाती दरवाजाएवढी, कंबर मनगटाएवढी, मान बेपत्ता. कवळीवाले त्याला बाजूला घेऊन म्हणायचे, "सगळं टोकाला नेऊ नका. खरा दातसुद्धा किंचित वाकडा असतो, म्हणून तर खरा वाटतो." लोक आभार मानायचे. त्या आभारांनी हळूहळू त्यांच्या डोक्यात हवा गेली. बायकोबरोबर बाजारात गेले की हे पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघून पुटपुटायचे, "याची हनुवटी एवढीशी पुढे घेतली ना, की झालं काम." बायको म्हणायची, "आधी तुमचं वरचं बटण खालच्या काजात गेलंय ते बघा." लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण आपल्यासाठीच काढून ठेवली होती, असं पुढे ते स्वतःच सांगायचे.

एका शनिवारी चौकात एक बाई आली. नवखीच. डोक्यावर नावाच्या जागी नुसता आकडा. तीस वर्षं बस चालवून ती नुकतीच निवृत्त झाली होती.

"उद्या चार वाजता माझी धाकटी बहीण इथे भेटायला येणार आहे," ती म्हणाली. "सहा वर्षांत भेट नाही. तिच्या गुडघ्यांमुळे तिला प्रवास झेपत नाही, आणि फोनवर आमचं दोन मिनिटांत भांडण होतं. इथे निदान शेजारी चालता येईल. मला फार काही नको. कान तेवढे मोठे करून द्या."

"कान?" कवळीवाले हसले. "बाई, इथे लोक कान लहान करून मागतात."

"माझे मोठे आहेत हो. बहीण म्हणाली, मी तुला कानांवरून ओळखीन."

"माझ्यावर सोडा," असं म्हणून कवळीवाल्यांनी अर्धा तास खपून तिला घडवली. खांदे एका रेषेत, गाल भरलेले, हनुवटी रेखीव, आणि कान केसांच्या आड. बसवाली बाई बराच वेळ स्वतःकडे बघत राहिली. "छान आहे," ती म्हणाली. "पण ही कोण?"

"सवय होईल," कवळीवाले म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चौकात नवख्यांचा मेळावा होता. कवळीवाल्यांच्या हाताखालून गेलेले एकूण एक जण आले होते. मुलगीही आली, आणि कौतुक ऐकायला कवळीवाले तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. ती मोजत होती.

"एकतीस," ती म्हणाली. "बाबा, या एकतीस जणांची हनुवटी एकच आहे."

"काहीतरीच."

"नाकही एकच आहे. तुमच्या लग्नातल्या फोटोतलं. अहो, बायकांनासुद्धा तुम्ही तुमचंच तोंड लावलंय!"

कवळीवाल्यांनी पाहिलं. कारंज्यापाशी ते उभे होते, बाकावर ते बसले होते, फुलाफुलांचा झगा घालून तेच नाचत होते. सगळे पंचविशीतले. इतकी वर्षं आपण फार देखणे होतो अशी आपली समजूत होती, आणि एकतीस नग एकदम पाहिल्यावर ती फिटली, असं ते सांगतात.

तेवढ्यात बसवाली बाई समोर आली. "ती येऊन गेली," ती म्हणाली. "माझ्यासमोर उभी राहिली. मी हाका मारत होते, पण माझा माइकच बंद होता, हे ती गेल्यावर कळलं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, तुमच्या त्या बाकीच्या बायकांकडे पाहिलं, माफ करा म्हणाली आणि गेली."

कवळीवाले म्हणाले, "बाई, ठसा घेतल्याशिवाय मी कधी कवळीला हात लावत नाही. तुमचा ठसा मी घेतलाच नाही. चूक माझी. बहिणीला काय सांगायचं ते मी सांगतो."

त्यांनी खरंच फोन केला. बहीण दहा मिनिटं बोलत होती आणि कवळीवाले 'हो', 'बरोबर', 'अगदी बरोबर' एवढंच म्हणत होते. "बोलावून घ्यायचं आणि यायचं नाही, ही तिची जुनी खोड!" ती म्हणाली. ती दात खात बोलते आहे, हे कवळीवाल्यांना आवाजावरून कळलं. निदान तेवढं ज्ञान त्यांच्यापाशी होतं. पुन्हा यायला ती तयार झाली, पण एकदाच.

मग ते बसवालीसमोर बसले आणि या खेपेला गप्प बसले. ती सांगत गेली. गिअर टाकून टाकून एक खांदा खाली आला होता. समोरच्या उन्हामुळे डोळे कायम बारीक झाले होते. आणि कान.

"लहानपणी ती माझ्या पाठीवर बसायची," ती म्हणाली, "आणि हे दोन कान धरून मला चालवायची."

कवळीवाल्यांनी पट्टी सरकवली.

"अजून."

अजून सरकवली.

"अजून थोडे."

"बाई, हे टोक आलं."

"मग टोकाला न्या की!"

त्यांनी नेली.

पुढच्या रविवारी चारला बहीण आली. बुटकी, गोल, आणि तिला कोणीही सुधारलेलं नव्हतं. सरळ बसवालीपाशी येऊन तिच्याभोवती तिने एक फेरी मारली.

"अगं बाई! हे कान अजून एवढे मोठे आहेत?"

"तूच ओढून ओढून केलेस."

"मी? मला पाठीवर घेऊन पळायची हौस कोणाला होती?"

भांडण जुंपलं. भांडत भांडत दोघी चौकातून चालू लागल्या, आणि वळणापाशी धाकटीने मागे पाहिलं. "आणि हा कोण गं? कापडाच्या दुकानातला पुतळा?"

"हेच ते, तुला फोन केला ते."

"अरे देवा! फोनवर तर बरा माणूस वाटला होता."

कवळीवाले खुर्चीत बसून इतके हसले की आतून बायको बघायला आली. त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. एक खांदा उतरलेली, भल्यामोठ्या कानांची बाई हातवारे करत चालली होती.

"ही कोणी बनवली?" बायकोने विचारलं.

"मी."

"ही माणसासारखी दिसते," ती म्हणाली, आणि दोघी पुढे काय बोलतात ते ऐकायला खुर्ची ओढून शेजारी बसली.