गुणांकरावांची शीतखोली

तंत्रनिकेतनात सगळे त्यांना गुणांकराव म्हणत आणि त्यांना तो मान वाटे. टोपणनावातला टोमणा ज्याला कळत नाही, त्याचं आयुष्य सुखात जातं. हवा दाबायची, दाबून तापलेली ती हवा नळ्यांच्या जाळीतून निववायची, मग छोट्या चाकावर मोकळी सोडायची, की ती गारठते. एवढ्या एका खेळापायी त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली होती. खाल्लेल्या विजेच्या मानाने गारवा किती मिळाला, तो आकडा म्हणजे गुणांक. बायकोची तब्येत विचारली तरी ते गुणांकच सांगत.

यंत्र तयार झालं, पण त्याला खरीखुरी खोली हवी होती. ती होती थोरल्या बहिणीकडे. ताईचं फुलांचं दुकान, मागे फुलं ठेवायची शीतखोली आणि तिथे एक म्हातारं यंत्र, खोकत का होईना पण गार करणारं. नुसतं गार करणाऱ्या यंत्राचं गुणांकरावांना काय कौतुक? "ताई, वीज निम्म्यावर येईल बघ," असं सांगून त्यांनी तिला पटवलं. ताईने भावावर विश्वास ठेवला. जुनं यंत्र भंगारात गेलं.

आता या नव्या यंत्राचा स्वभाव असा, की जोरात फिरवलं तर खोली गार होते, पण गुणांक घसरतो. हळू फिरवलं तर गुणांक चढतो, गारवा मात्र नावापुरता. अगदीच रेंगाळत ठेवलं, तर गुणांक आभाळाला टेकतो आणि खोलीत माणसाला घाम फुटतो. हे गुणांकरावांना माहीत नव्हतं असं नाही. याच विषयावर तर त्यांचे निबंध छापून आले होते.

ताईला एका मोठ्या हॉटेलने लग्नाच्या सजावटीचं काम दिलं. हे नीट पार पडलं तर तिथलं कायमचं काम तिचं होणार होतं. आदल्या दिवशी फुलं खोलीत येऊन पडली. नेमकी दुसऱ्या दिवशी सकाळी गुणांकरावांच्या यंत्राची तपासणी समिती येणार होती आणि तिला आदल्या दिवसापासूनची गुणांकाची सरासरी बघायची होती.

दुपारी ताई खोलीतून बाहेर आली. "अरे, आत आणि बाहेर काही फरकच वाटत नाही. जरा वाढव ना ते."

"वाढवलं तर सरासरी पडेल. उद्या समिती गेली की लगेच वाढवतो."

"आणि फुलं थांबतील तोवर?"

"तत्त्वतः खोली गार होतेच आहे, ताई."

ताईने फुलांवर ओली फडकी टाकली, घरातला पंखा आणून लावला आणि आपल्या परीने तत्त्वाला हातभार लावला. इकडे गुणांकरावांचा हात बटणाकडे गेलाही. लाज वाटत होती, मनापासून वाटत होती. पण समोरचा आकडा इतका देखणा दिसत होता, की त्यांनी लाजेला समिती जाईपर्यंत थांबायला सांगितलं.

सकाळी फुलांनी माना टाकल्या होत्या. हॉटेलचा मॅनेजर आला, दारातूनच बघितलं आणि भांडलासुद्धा नाही. "राहू द्या, आम्ही दुसरीकडे सांगतो," म्हणाला आणि गेला. मागोमाग समिती आली. शीतखोलीत उभं राहून अध्यक्षांनी रुमालाने मान पुसली आणि असा गुणांक आपण उभ्या जन्मात पाहिला नाही, असं सांगितलं. गारव्याबद्दल कुणी विचारलं नाही, कारण ते कुणाच्या कामात बसत नव्हतं. टाळ्या झाल्या, हस्तांदोलनं झाली आणि गुणांकरावांच्या हातात अभिनंदनाचा गुच्छ आला.

मंडळी गेल्यावर तो गुच्छ घेऊन ते ताईसमोर उभे राहिले. त्यांनी तो पुढे केला. ताईने त्यातला एक गुलाब क्षणभर गालाला लावला.

"समोरच्या दुकानातला ना?"

"हो. तुझ्याकडे देण्यासारखी फुलं उरली नव्हती."

"हात लावून बघ," ती म्हणाली. "गार आहेत."