हँडलची पिशवी आणि आक्काचं लुगडं

सायकलीला पिशवी कशी बांधली, हे काय लिहायचं, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याची सवय बेताची. सांभाळून घ्यावं.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना, त्यामुळे निपाणीकडच्या मोटारी बंद पडल्या होत्या. निपाणीजवळच्या बोरगावात दिलेल्या माझ्या आक्काचं डोहाळजेवण तोंडावर आलं होतं. पहिलटकरणीला माहेरचं हिरवं लुगडं हवंच. आमचा वडगावात हातमाग, म्हणून आप्पांनी, माझ्या वडिलांनी, ते स्वतः विणलं. ते वेळेवर आणि डाग न पडता पोचवायचं काम माझ्यावर आलं.

वर्गमित्राची सायकल मागून आणली. तिला कॅरिअर नव्हतं. आईनं जुन्या ताडपत्रीची पिशवी शिवली, तीत लुगडं ठेवलं आणि आप्पा ती हँडलला बांधायला बसले. तुटलेलं सूत जोडताना मारतात तसल्या गाठी त्यांनी मारल्या.

"आता वाघानं वढली तरी सुटायची न्हाय," ते म्हणाले.

मी टांग मारली. सायकल हलेना. समोरच्या कट्ट्यावरून शेजारचे अण्णा ओरडले, "काय रं कॉलेजवाल्या, सायकललाबी डोहाळं लागल्यात व्हय?"

आप्पांनी हँडलबरोबर ब्रेकची दांडीही आवळली होती. ब्रेक कायमचाच लागलेला! गाठी सुटेनात, शेवटी मी कात्री घेतली.

"लुगड्याला लागली तर घरात येऊ नगंस," आप्पा म्हणाले.

पुन्हा बांधली, नुसती हँडलला. आता पिशवी दांडीवर रेलली आणि ब्रेक दाबताच येईना. वाटेतला तवंदीचा घाट ब्रेकशिवाय उतरायचा म्हणजे लुगड्यासकट दरीत जायचं. आई शेजारी मागासाठी कांड्यांवर सूत भरत होती. तिच्या टोपलीतल्या दोन रिकाम्या लाकडी कांड्या उचलून मी पिशवी आणि हँडल यांच्यामध्ये घालून पिशवीलाच बांधल्या. पिशवी पुढे सरकली, दांडी मोकळी झाली. पिशवीमागे झाकलेली घंटा मुठीजवळ घेतली, बत्ती खाली पुढच्या चाकाच्या चिमट्यावर बसवली. आप्पा लहान मुलासारखे ब्रेक दाबून बघत राहिले.

घाट सुखरूप उतरलो. आक्का शेजारच्या गावी गेली होती, म्हणून पिशवी तशीच, कांड्यांसकट, तिच्या सासूबाईंच्या हाती दिली. परीक्षा जवळ आल्यामुळे मला थांबता आलं नाही.

त्यानंतर आप्पांचं रोज एकच. "नेसली का रं? अंगावर कसं दिसलं?"

मी तर पिशवी देऊनच परतलो होतो.

अखेर बोरगावचा एक तंबाखूवाला बैलगाडी घेऊन बाजाराला आला. दारातूनच म्हणाला, "आप्पा, लेकीनं निरोप दिलाय. लुगडं नेसली. डाग न्हाय, चुणी न्हाय, बायका काठावर हात फिरवून बघत हुत्या. आन् तुमच्या कांड्या परत मिळायच्या न्हाईत. सासूबाईंनी रंगवून ठेवल्यात, पाळण्याला टांगायला."